खाली ठेववत नाही अशी कादंबरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाककृतींची स्पर्धा झाली, भावगीते झाली, आता थोडे डोक्यालाही खाद्य हवे, असे कार्यवाहबाईंच्या मनात आले आणि त्यांनी मला उभे केले. विषयही त्यांनीच सुचवला होता, 'वाचनाचे महत्त्व'. मी हात जोडून सांगितले, की या विषयावर शाळेतली मुले इतके निबंध लिहितात की त्यात माझी भर नको. शिवाय महत्त्व ऐकून कोणी वाचायला लागले, असे एकही उदाहरण मला ठाऊक नाही. एखादी कादंबरी हाताला लागते, गॅसवरचे दूध उतू जाते, घरची मंडळी हाका मारून थकतात, आणि पुढच्या आठवड्यात ती बाई आपण होऊन वाचनालयाची पायरी चढते. वाचक होतो तो असा. तेव्हा आज मी एवढेच सांगणार आहे, की मारुतीच्या देवळामागच्या आपल्या वाचनालयातून खाली ठेववणार नाही अशी कादंबरी कशी हुडकून आणावी.

हे सांगायचा माझा अधिकार म्हणाल तर इतकाच, की त्या वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी मी २६ वर्षे बसले. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. आता मी खिडकीच्या बाहेर, तुमच्या बाजूला असते, आणि आतून कधी ध्यानात न आलेल्या गोष्टी बाहेरून दिसू लागल्या आहेत. एकच सांगते. आपल्याकडे कादंबऱ्या लेखकांच्या आडनावांच्या अक्षरानुक्रमाने लावतात. त्यामुळे श आणि स ही अक्षरे शेवटच्या कपाटात आणि तीही जमिनीलगतच्या फळीवर येतात. म्हणजे उद्धव शेळके, अण्णा भाऊ साठे, शिवाजी सावंत आणि आपल्या सानिया ही सगळी मंडळी कायमची पायाशी. आपल्या वयाच्या बायकांचे गुडघे वाकत नाहीत. एवढ्या एका कारणाने केवढे वाचायचे राहून जात असेल! खिडकीशी जाऊन "खालच्या फळीवरची चार काढून टेबलावर ठेवा" असे सांगायला संकोच करू नका. आतल्या माणसाचे ते कामच आहे.

खिडकीशी येणाऱ्या बहुतेक जणी काय म्हणतात? "काहीतरी चांगलं द्या हो." हे 'चांगलं' फार फसवे आहे. आत बसलेल्याला चांगले म्हणजे पारितोषिक मिळालेले, असे वाटते. तो बिचारा एक भारदस्त पुस्तक काढून देतो, ते १५ दिवस उशाशी पडून राहते, आणि परत देताना आपण म्हणतो, "छान होतं." दोघेही खोटे बोलतो आणि दोघांनाही ते ठाऊक असते. त्यापेक्षा असे सांगावे, की मला शेवटची जागवली ती अमुक पुस्तकाने. ते वीस वर्षांपूर्वी, माहेरी असताना वाचलेले का असेना. काय आवडले तेही सांगावे. भांडण आवडले का? जुना वाडा आवडला? का कोणाच्या तरी जिवाला लागलेला घोर आवडला? एक आजी मला म्हणाल्या होत्या, "जिच्यात सासू चांगली आहे अशी द्या." मी हसले नाही. इतकी नेमकी मागणी क्वचित येते. दोन दिवस मी कपाटे धुंडाळली, आणि मराठी कादंबरीत बऱ्या सासवांचा केवढा दुष्काळ आहे हे तेव्हा मला कळले. शेवटी शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' दिली. तिच्यात सासू नाहीच, चार मुली आणि त्यांची आई आहे. आजींनी ती पदरात घेतली आणि पुढे नातीलाही वाचायला लावली.

याहून नेमकी मागणी एकदाच आली. बाई आपल्याच आळीतली, नाव सांगत नाही. तिच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंतची पाळी तिची, पुढे यजमानांची. ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "मला झोप येणार नाही अशी कादंबरी द्या. गजर लावला तर मुलं उठतात, त्यांच्या परीक्षा आहेत. पुस्तक असलं तर मी जागी राहीन."

आपण सगळ्या 'झोप उडवणारी कादंबरी' असे म्हणतो ते बोलण्याची रीत म्हणून. ती औषध मागावे तसे मागत होती. मी तिला बसायला सांगितले आणि विचार करू लागले. कथासंग्रह नको, कारण कथा संपली की डोळा मिटतो, झोप नेमकी त्याच फटीतून आत येते. लहान पुस्तक नको, ते दोन वाजता संपेल आणि पुढे काय? आजारपणाचे तर मुळीच नको. मी तिला शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' दिले. १९६७ सालची ही कर्णाची कादंबरी तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी वाचली असेल. तिच्यात एकटा कर्णच बोलत नाही. मध्येच कुंती बोलू लागते, मग दुर्योधन, वृषाली, शोण, शेवटी श्रीकृष्ण. पेंगुळलेल्या माणसाला नवा आवाज ऐकू आला की तो दचकून सावरून बसतो, तसा माझा हिशेब होता. तो बरोबर आला. पुस्तक तिला नऊ रात्री पुरले. मग 'तुंबाडचे खोत' नेले, दोन्ही भाग. मग बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा झुंजार चारचार पुस्तकांनी तिच्याकडे जाऊ लागला. त्यांनी हजाराहून अधिक लिहून ठेवल्या आहेत, तेव्हा तुटवड्याची भीती नव्हती.

पुढे तिने गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' नेली. कोकणातले एक गाव हळूहळू मोडत जाते, आणि ते सारे अंबूवहिनी आपल्या तोंडाने सांगते, अशी ती १९५५ सालची कादंबरी. एका रात्री डोळे फारच मिटू लागले म्हणून ती हलक्या आवाजात वाचू लागली, तर खाटेवरून सासूबाईंनी चालता हात उचलला. त्यांचे माहेर कोकणातले. वाचा गेल्यासारखीच होती, बोललेले कोणाला कळत नसे. पण हाताची खूण कळली, पुन्हा वाच. त्या रात्रीपासून पुस्तक मोठ्याने होऊ लागले. सुनेचे माहेर सोलापूरकडचे, तिच्या तोंडी कोकणातले शब्द नीट बसेनात. तसा चुकला की सासूबाई जीभ टाळ्याला लावून 'च्च' करत. तेवढा एक उच्चार त्यांचा शाबूत राहिला होता. ती मला सांगायची, "काकू, लग्नाला १९ वर्षं झाली, पण आम्ही दोघी एका गोष्टीबद्दल इतक्या वेळ बोललोय असं कधी झालं नव्हतं."

सासूबाई गेल्यावर ती पुस्तक परत करायला आली तेव्हा मुदत उलटून दोन महिने झाले होते. मी विलंबशुल्काची पावती फाडायला तयार नव्हते. ती म्हणाली, "फाडा. दोघींनी वाचलंय."

असो. प्रत्येकीला खिडकीशी कोणी ओळखीचे भेटेलच असे नाही, म्हणून कपाटापुढे एकटीने उभे राहिल्यावर काय पाहावे तेही सांगते.

पहिले म्हणजे चकचकीत वेष्टनाला भुलू नका. वाचनालयात सुंदर दिसणारे पुस्तक म्हणजे बहुधा कोणी न उघडलेले पुस्तक. ज्याचे मूळ मुखपृष्ठ केव्हाच गेले आहे, काळ्या नाहीतर मातकट रेक्झिनची बांधणी केली आहे, पाठीवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने नाव लिहिले आहे, ते आधी उचला. बांधणीला पैसे पडतात. पाने सुटायला लागल्याशिवाय पुस्तक बांधणाऱ्याकडे जात नाही, आणि कोणी मागत नसेल तर सुटलेले पुस्तकही समिती बांधून घेत नाही. म्हणजे दुसऱ्यांदा बांधलेली प्रत्येक कादंबरी ही आपल्या आधीच्या बायकांनी दिलेली चिठ्ठीच समजा. रणजित देसाईंची 'स्वामी' आपल्याकडे तीनदा बांधून झाली आहे. थोरल्या माधवरावांची ही गोष्ट. ते १७७२ साली थेऊरला गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. शेवट ठाऊक असलेली गोष्ट १९६२ पासून बायका का वाचत आल्या आहेत, हे वाचल्याशिवाय कळायचे नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पुस्तकाच्या आतली मुदतीची चिठ्ठी. आता संगणक आला, नव्या पुस्तकांना ती नसते, पण जुन्यांना अजून चिकटलेली आहे. आपली मुदत १५ दिवसांची. शिक्के चारचार, पाचपाच दिवसांच्या अंतराने पडलेले असतील तर निःशंक घरी न्या. एक गंमत सांगते. नेमाड्यांच्या 'कोसला'च्या चिठ्ठीवर जूनजुलैत गर्दी दिसे आणि मे महिन्यात शुकशुकाट. कॉलेजे उघडली की तो पांडुरंग सांगवीकर बाहेर पडायचा आणि सुटी लागली की परत फळीवर. उलट एखाद्या पुस्तकावर नऊ वर्षांत एकही शिक्का नसतो. तेही कधी कधी उचलून पाहावे. शेळक्यांची 'धग' मला अशीच भेटली, पायाशी, धूळ खात. १९६० सालची कादंबरी, भाषा वऱ्हाडी. पहिली दहा पाने मला अडखळत वाचावी लागली. त्यानंतर मी त्या कौतिकच्या मागे अशी गेले की वाचनालय बंद करायची वेळ झाल्याचे शिपायाने येऊन सांगितले. 'श्यामची आई' वाचून ज्यांचे डोळे भरून आले त्यांनी ही दुसरी आईही पाहावी. हिच्याजवळ सांगायला सुभाषिते नाहीत. घर वर काढायची जिद्द आहे, आणि सगळे तिच्या हातून निसटत जाते.

परत आलेल्या पुस्तकांचा ढीग टेबलावर पडलेला असतो, तो अजून फळीवर गेलेला नसतो. मी तरी कपाटाकडे जाण्याआधी तो ढीग चाळते. काल रात्री आपल्या पेठेत कोणाच्या तरी घरी दिवा उशिरापर्यंत जळला, त्याचा पुरावा त्या ढिगात असतो.

पुस्तक हातात घेतल्यावर पहिले पान वाचू नका. पहिले पान सगळेच लेखक घासूनपुसून ठेवतात, पाहुण्यांसाठी बाहेरची खोली आवरावी तसे. तिसावे पान उघडावे आणि उभ्याउभ्या वाचावे. आपण पान उलटले हे आपल्यालाच कळले नाही, तर पुस्तक न्यावे. आजूबाजूला कोण काय बोलते आहे ते ऐकू येत राहिले, तर ठेवून द्यावे. शेवटचे पान पाहायचा मोह मात्र टाळा. रक्तदाब असलेल्यांना सूट आहे. आणि समासात पेन्सिलीने लिहिणाऱ्या वाचकांबद्दल मी काय बोलू? एका रहस्यकथेत बाराव्या पानावर एका नावाखाली रेघ मारून कोणीतरी लिहिले होते, 'हाच खुनी.' सगळी संध्याकाळ मी खोडरबर घेऊन बसले होते.

दोन भागांची कादंबरी असेल तर दुसरा भाग जाग्यावर आहे ना हे आधी विचारा. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चा पहिला भाग संपवून एक बाई रविवारी दुपारी भर उन्हात आल्या होत्या, आणि दुसरा भाग बाहेर गेल्याचे ऐकून त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले तसे मला आजवर कोणी पाहिलेले नाही. १९८७ साली आलेली ही कादंबरी एका खोतघराण्याच्या चार पिढ्यांची आहे. मध्येच सोडून कोणी झोपू शकत नाही.

आता थोडे रागाने बोलणार आहे. 'बायकी कादंबऱ्या' हा शब्द मी २६ वर्षे ऐकला. सुमतीबाई क्षेत्रमाडे, ज्योत्स्नाबाई देवधर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तके ज्या कपाटांतून हातोहात जात, त्या कपाटांकडे पाहून जाणती मंडळी हा शब्द किंचित हसून उच्चारत. हीच मंडळी अर्नाळकरांच्या रहस्यकथा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेत, ते मी पाहिलेले आहे. सगळ्याच त्या कादंबऱ्या मोठ्या आहेत असे मी म्हणत नाही. काहींत नायक फारच देखणा असतो आणि नायिका फारच लवकर रडते. फडक्यांच्या नायिकाही मला अशाच गुळगुळीत वाटतात, पण त्यांना कोणी बायकी म्हटलेले मी ऐकले नाही. दुपारच्या दोन ते चार या वेळात बायका जे आपखुशीने वाचतात ते हलके, आणि न वाचता मांडून ठेवले जाते ते थोर, हा न्याय मला कधी कळला नाही.

आणि मुळात मराठी कादंबरी जन्मली ती कशासाठी? आपल्याकडची काही वाचनालये तिच्याहून वडील आहेत. रत्नागिरीचे १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. ती उघडली तेव्हा त्यांच्यात ठेवायला मराठी कादंबरीच नव्हती. ती आली १८५७ साली, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', आणि तिचा विषय विधवांची स्थिती. मग १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. तिच्यातही यमूच, आणि तीच आपली हकीकत सांगते आहे. आज मालिका संपताना 'पुढील भागात' असे आले की आपण हळहळतो ना, तसे त्या काळचे वाचक यमूचे पुढे काय झाले म्हणून पुढच्या अंकाची वाट पाहत. ही यमू लग्नानंतर नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहा-वाचायला शिकते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेत तिचे तेच शिकणे सलते. बाईने पुस्तक घेऊन बसावे का, हा वाद मराठी कादंबरीच्या अंगणातलाच आहे. पुढे १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. ही विभावरी कोण, यावर केवढे वादळ उठले! त्या आपल्या मालतीबाई बेडेकर. त्यांचे 'हिंदोळ्यावर' आणि १९५० सालचे 'बळी' वाचा. आणि या सगळ्या कादंबऱ्यांचे पहिल्या शतकाचे मोजमाप केले तेही एका बाईनेच, कुसुमावती देशपांड्यांनी, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या.

म्हणून माझे एक मागणे आहे. माझ्या खिडकीशी येणाऱ्या कितीतरी बायकांच्या हातात कार्ड असे ते यजमानांच्या नावाचे. एका कार्डावर एकच पुस्तक मिळते. यजमानांनी युद्धाच्या इतिहासाचा ग्रंथ नेला की १५ दिवस घरात तेवढाच, आणि मुलाला परीक्षेचे पुस्तक हवे झाले की तेवढेही नाही. एकदा एका बाईने मला विचारले, "माझ्या नावाचं निघतं का हो?" निघते म्हटल्यावर तिने अर्ज तिथेच भरला. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू म्हणाली. मी म्हटले, 'वाचक' लिहा. तसे लिहायचे नसते, पण तिने लिहिले, आणि समितीनेही ते बदलले नाही. अनामत एकदाच भरायची, आणि महिन्याची वर्गणी साडीला फॉल लावण्याच्या मजुरीहून कमी आहे.

"पण आम्हाला वेळ कुठे?" हे तुम्ही विचारणार. ज्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांचा आहे त्यांनी जाड पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये. विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' लहानसेच आहे. युरोपातून येणारे एक जहाज, त्यावर घरादाराला मुकलेली हॅर्टा ही ज्यू मुलगी, आणि एक मराठी तरुण. १९३९ सालचे आहे, अजून हात भाजतो. माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या, धनगरांच्या वस्तीत शाळा काढायला गेलेल्या पोरसवदा मास्तरची. एक प्रकरण कुकरच्या तीन शिट्ट्यांत होते. गोनीदांची 'शितू' अशीच. उलट हातपाय मोडून घरी पडायची पाळी आली, तर 'पानिपत' मागवा. १९८८ साली विश्वास पाटलांनी लिहिलेली ही कादंबरी मी पडल्यापडल्या वाचली आणि प्लॅस्टर काढले तेव्हा मला वाईटच वाटले होते.

एका पुस्तकाने दुसऱ्याचा पत्ता द्यावा, हा खरा मार्ग. 'स्वामी' आवडली तर इनामदारांच्या 'राऊ'कडे जा. 'मृत्युंजय'नंतर देसाईंची 'राधेय' वाचा, म्हणजे एकाच कर्णाची दोन घरे पाहायला मिळतील, आणि मग इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' घ्या. ती कादंबरी नाही, पण त्यानंतर आधीच्या दोन्ही पुस्तकांशी तुम्ही भांडू लागाल. 'पडघवली'वरून 'रथचक्र'ला जाता येते, त्यात मुलांच्या शिक्षणासाठी एकटीने झुंजणारी कोकणातली बाई आहे. आपल्या मंडळातून निवडणुकीला उभ्या राहायच्या गोष्टी ज्या करतात, त्यांनी कविता महाजनांची 'ब्र' वाचून मग ठरवावे. २००५ सालची आहे, तिच्यात आदिवासी भागातल्या सरपंचबाई आहेत. नातवंडांशी एकाच पुस्तकावर बोलायचे असेल तर मिलिंद बोकिलांची 'शाळा', नाहीतर राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस'. पुण्याला गाडीने जाणाऱ्यांनी शुभदा गोगट्यांचे 'खंडाळ्याच्या घाटासाठी' वाचावे. १८६३ साली तो घाट रेल्वेला खुला झाला, तो कोणाच्या जिवावर, हे वाचल्यावर बोगद्यात शिरताना बोलणे बंद होते. गौरी देशपांड्यांची शिफारस मी कोणाला करत नाही. ज्यांना त्या हव्या असतात त्या स्वतःच शोधत येतात आणि पुस्तक लवकर परत करत नाहीत.

हे सारे आजच सांगण्याला एक कारण आहे, ते उघडच सांगते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी वाचनालयात अभ्यासिका वाढवायची आहे. मुलांना जागा हवी, यात वाद नाही. त्यांतली काही आपलीच आहेत, आणि घरी त्यांना टेबल नाही. त्यासाठी कादंबऱ्यांची चार कपाटे माळ्यावर हलवायचे घाटते आहे. कोणती, तर ज्यांतली पुस्तके गेल्या पाच वर्षांत बाहेर गेली नाहीत ती. माळ्यावर गेलेले पुस्तक मागितले तर मिळेल, असे सांगतात. माळ्यावरून पुस्तक खाली येताना मी २६ वर्षांत फार थोडे पाहिले. तिथे पावसाळ्यात ओल येते आणि बाकीच्या दिवसांत कसर लागते. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हापासून अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. वर्ग ठरवताना पुस्तके आणि सभासद पाहतात, माळा कोणी पाहत नाही.

समितीची सभा पुढच्या महिन्यात आहे. यादी संगणकावरून काढणार आहेत, आणि पुस्तक कोणी पूर्ण वाचले की नुसतेच घरी नेऊन परत आणले, हे संगणकाला कळत नाही. मंडळात आपण साठसत्तर जणी आहोत. भिंतीशी लागलेली शेवटची चार कपाटे ती. गुडघे दुखत असतील त्यांनी मला सांगा, मी वाकून काढून देईन, माझे अजून वाकतात. 'धग'ची एकच प्रत आहे, तीवर कृपा करून भांडू नका, नंबर लावा. वाचनालय सोमवारी बंद असते, बाकी दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. आणि 'तुंबाडचे खोत'चा दुसरा भाग जाग्यावर नाही म्हणून परवा कोणी तक्रार केली म्हणे. तो माझ्याकडे आहे. गुरुवारी आणून देते.